खुबा नीट बसलाय ना?

माझ्या जावेला या आषाढात मुलगी झाली. पायाळू. शेवटपर्यंत बाळ फिरलंच नाही, डोकं वर आणि बूड खाली असंच बसून राहिलं, म्हणून सिझर करावं लागलं. बाराव्या दिवशी नाशकातल्या सिडकोतल्या घरी बारशाला सगळे जमलो. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या आणि मग बायकांच्या पायाळूच्या गप्पा सुरू झाल्या. पायाळूची लाथ बसली की उसण जाते, त्याला जमिनीखालचं पाणी कळतं, पावसात त्याला झाडाखाली उभं करू नये. मी जावेला आत बोलावून एवढंच विचारलं, "अगं, हिचे खुबे कुणी तपासले का?"

"ताई, घरी सोडताना डॉक्टरांनी पाय फाकवून बघितले. ठीक आहे म्हणाले."

"ते चांगलंच झालं. पण सहा आठवड्यांची झाली की खुब्याची सोनोग्राफी करून घे. पायाळू आहे ना, म्हणून."

तिचा चेहरा उतरला. बारशाच्या दिवशी असं बोलायला नको होतं, असं सासूबाईंनी नंतर मला सांगितलंही. पण माझी लेक आज पंधरा वर्षांची आहे, तीही पायाळूच जन्मली होती आणि तिच्या वेळी हा एक प्रश्न मला कुणीही विचारला नाही. त्या रात्री जावेला फोनवर जे समजावून सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. चौदा वर्षं एका आजाराबरोबर राहिलेली, त्याबद्दल मिळेल त्या डॉक्टरांना प्रश्न विचारत आलेली आई आहे.

आजाराचं नाव हिप डिसप्लेजिया. लहान बाळांच्या बाबतीत डॉक्टर त्याला डीडीएच (डेव्हलपमेंटल डिसप्लेजिया ऑफ द हिप) म्हणतात.

शाळेत आपण सगळेच 'उखळीचा सांधा' शिकलो. खुबा हा तसला सांधा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतं. वाटी खोल असली, गोळ्यावर तिचं छप्पर पुरेसं असलं की पाय सगळ्या बाजूंना फिरतो आणि तरी सटकत नाही. डिसप्लेजियात ही वाटी उथळ राहते किंवा तिरकी राहते. काही मुलांत गोळा वाटीत असतो, फक्त वाटी पसरट असते. काहींत तो अर्धवट बाहेर सरकतो. काहींत पूर्ण निखळून वर चढतो. दिसायला हे तीन आजार वाटतात, पण आहे एकच, कमी-जास्त प्रमाणातला. पूर्वी याला 'जन्मजात निखळलेला खुबा' म्हणत. ते नाव मागे पडलं, कारण जन्मताना ठीक वाटलेला खुबाही पुढच्या काही महिन्यांत बिघडू शकतो.

वाटी उथळ का राहते, हे मला एका बालअस्थिरोग डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा डोळ्यांसमोर मोदकाची पारी आली. उकडीचा गोळा हातात घेऊन आपण अंगठा आत रोवतो आणि फिरवत राहतो. अंगठा आत आहे तोवर कडा उभ्या राहतात, पारी खोल होत जाते. अंगठा काढून ठेवा, पारी बसते. बाळाचा खुबा जन्मतः बराचसा मऊ कूर्चेचा असतो. मांडीच्या हाडाचा गोळा आत नीट बसून हलत राहिला तर त्याच्या दाबानं वाटी खोल होत जाते. गोळा बाहेर राहिला तर वाटीला आकार द्यायला कुणी उरतच नाही, ती सपाट होत जाते. आणि उकड जशी गार झाल्यावर वळत नाही, तसंच या हाडाचं आहे. पहिले सहा महिने ते सगळ्यात जास्त ऐकतं. मग हळूहळू कमी. या आजारात वेळेला एवढी किंमत आहे ती यामुळे.

पूर्ण निखळलेला खुबा दर हजार बाळांमागे साधारण एक ते तीन बाळांत सापडतो. नुसता सैल खुबा त्याहून पुष्कळ जास्त, जवळपास शंभरात एक. त्यातले बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत आपोआप घट्ट होतात. म्हणूनच जन्मल्या जन्मल्या कुणी 'सैल वाटतोय' म्हणालं तर रडत बसायचं नाही, पण तारीख लिहून ठेवून पुन्हा दाखवायला मात्र जायचंच.

धोका कुणाला जास्त, हे बरंचसं माहीत आहे. पायाळू बाळ, म्हणजे पोटात शेवटच्या महिन्यांत बूड किंवा पाय खाली असलेलं. मग जन्म सिझरनं झाला तरी. मुलगी, कारण मुलग्यांपेक्षा मुलींत हा चार ते सहा पट आढळतो. बाळंतपणाआधी सांधे सैल करणारी आईची संप्रेरकं मुलींच्या सांध्यांवर जास्त परिणाम करतात, असं त्याचं एक कारण मानतात. पहिलटकरणीचं बाळ, कारण गर्भाशय अजून ताणलेलं नसतं आणि आत जागा कमी. पोटातलं पाणी कमी असणं. आणि घरात कुणाला असणं: आधीच्या भावंडाला असेल तर पुढच्या बाळाला शंभरात सुमारे सहा एवढी शक्यता. डावा खुबा उजव्यापेक्षा जास्त वेळा बिघडतो, कारण पोटात बाळाची डावी मांडी बहुतेक वेळा आईच्या कण्याला टेकलेली असते आणि तिला बाहेर उघडायला वाव मिळत नाही. माझी लेक पायाळू, मुलगी, पहिली आणि डावा खुबा. यादीतलं जवळजवळ सगळंच तिच्यात होतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी: यातलं काहीही नसलेल्या बाळांतही हा आजार सापडतो.

आता आपल्या घरांतली गोष्ट. बाळ दचकू नये, शांत झोपावं म्हणून आपण त्याला दुपट्यात गुंडाळतो. त्यात चूक काही नाही. पण पाय ओढून सरळ करायचे, गुडघ्याला गुडघा लावायचा आणि घट्ट आवळायचं, हे खुब्यासाठी वाईट. तसं केल्यावर गोळा वाटीच्या बाहेरच्या कडेकडे ढकलला जातो. जपानमध्ये एकेकाळी बाळांचे पाय सरळ बांधून ठेवायची रीत होती. १९७० च्या दशकात तिथे 'बाळाचे पाय मोकळे ठेवा' अशी मोहीम चालवली गेली आणि निखळलेल्या खुब्यांचं प्रमाण फार मोठ्या प्रमाणात घटलं. जगात जिथे आया बाळाला पाठीला किंवा अंगाला बांधून, पाय फाकवून वागवतात, तिथे हा आजार कमी दिसतो.

आणि आपली कडेवर घ्यायची पद्धत? तीच तर सगळ्यात चांगली. कडेवर बसलेल्या बाळाच्या मांड्या दोन्ही बाजूंना उघड्या, गुडघे वाकलेले, म्हणजे गोळा वाटीत खोल रोवलेला. मान धरायला लागलेलं बाळ आजी दिवसभर कडेवर घेऊन फिरते तेव्हा ती नकळत त्याच्या खुब्यांची काळजीच घेत असते. दुपटं गुंडाळताना एवढंच करायचं: वरचं अंग हवं तर नीट बांधा, पण कमरेखाली ते पिशवीसारखं सैल ठेवा, बेडकासारखे पाय वर घेता येतील असं. पाय असेच वाकलेले राहिले तर मूल फेंगडं होईल, ही भीती सोडून द्या. नवजात बाळाचे पाय वाकलेलेच असायला हवेत.

न्हाऊ घालणाऱ्या बाईंबद्दलही बोलायला हवं, कारण नाशकात आजही घरोघर त्या येतात आणि आम्हां सगळ्यांची मुलं त्यांच्याच पायांवर न्हालेली आहेत. तेल चोळणं, शेकणं, कोमट पाणी, सगळं छान. फक्त पाय ताणून जोरात सरळ करणं आणि घोट्याला धरून बाळाला उलटं लोंबकळवणं, हे दोन प्रकार नकोत. माझ्या जावेनं त्यांना हे प्रेमानं सांगितलं आणि त्यांनी ऐकलंही.

तपासणीचं सांगते. जन्मानंतर डॉक्टर बाळाला उताणं झोपवून, गुडघे वाकवून, मांड्या हळूच बाहेर उघडतात. गोळा बाहेर असेल तर तो आत जाताना हाताला एक धक्का जाणवतो. ही इटलीतल्या ओर्तोलानी नावाच्या बालरोगतज्ज्ञांची १९३७ सालची रीत. दुसऱ्या तपासणीत मांडी आत घेऊन हलकंसं मागे दाबतात आणि गोळा बाहेर सरकतो का ते बघतात. ती बार्लो नावाच्या डॉक्टरांची, १९६२ ची. दोन्हींना ना यंत्र लागतं ना पैसा. सरावलेला हात आणि रडत नसलेलं बाळ एवढंच लागतं. नुसता 'कट' असा आवाज पुष्कळ बाळांच्या सांध्यांतून येतो, तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो.

पण तीन महिन्यांनंतर आजूबाजूचे स्नायू आखडतात आणि तो धक्का जाणवेनासा होतो. तेव्हा घरच्यांची नजर उपयोगी पडते. लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी बाहेर उघडत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं लक्षण. उताण्या बाळाचे गुडघे उभे केले की एक गुडघा खाली राहतो. मांडीवरच्या वळ्या दोन्ही बाजूंना सारख्या नसतात; मात्र हे लक्षण चांगल्या बाळांतही दिसतं, त्यामुळे त्यावरून एकदम घाबरायला नको. चालायला लागलेलं मूल एका पायावर झुकतं किंवा एक टाच टेकवत नाही. दोन्ही खुबे निखळलेले असतील तर ओळखणं आणखी अवघड, कारण तुलना करायला चांगली बाजूच नाही. अशी मुलं पोट पुढे काढून बदकासारखी चालतात आणि लोक कौतुकानं हसतात.

दुखणं या यादीत नाही, कारण बाळाला दुखतच नाही. माझी सगळी फसगत तिथेच झाली. आमची लेक हसत होती, रांगत होती, तेराव्या महिन्यात उभी राहिली. सासूबाई म्हणायच्या, "हिचा डावा पाय जरा आखूड वाटतो गं." मी एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चालवून बघितलं आणि 'नवीन चालतेय, सुधारेल' असं सांगून परत पाठवलं. महिनाभरानं दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि तो पाहिल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. सासूबाई बोलल्या त्याच दिवशी मी एक्स-रेचा हट्ट धरायला हवा होता, हे मला आजही लागतं.

चार-सहा महिन्यांपर्यंत मात्र एक्स-रेचा फारसा उपयोग नसतो, कारण तो गोळा अजून कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. त्या वयात सोनोग्राफी. ऑस्ट्रियातल्या ग्राफ नावाच्या डॉक्टरांनी १९८० मध्ये ती पद्धत बसवली. वाटीच्या छताचा उतार कोनात मोजायचा. ६० अंश किंवा जास्त म्हणजे पक्का खुबा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ५० ते ५९ असेल तर बहुधा तो नुसता कच्चा असतो, पिकायला वेळ द्यायचा आणि पुन्हा मोजायचं. किरणं नाहीत, सुई नाही, बाळाला भूल नाही. पायाळू बाळाची आणि घरात आधी कुणाला असेल त्या बाळाची ही सोनोग्राफी सहा आठवड्यांच्या सुमारास करून घ्यावी, हातानं केलेली तपासणी चांगली आली असली तरी.

सरकारी बाजूला आता एक चांगली सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते आणि ज्या जन्मजात दोषांवर लक्ष ठेवायचं त्यांत खुब्याचा हा दोष नावानिशी आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं की तिथेच बाळ बघायचं, घरी आशाताईंनी बघायचं, पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत यायचं, अशी ही रचना. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरच्या आईला नाशिकपर्यंतची खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणं. तिच्यासाठी आशाताईचा हात हीच पहिली तपासणी. म्हणून आशाताई दारात आली की 'बाळाच्या मांड्या उघडतात का बघ गं ताई' एवढं म्हणावं. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र योजनेतल्या रुग्णालयांत बसलेले असतात. ऑपरेशन ठरण्याआधी त्यांना भेटा, नंतर नाही.

पट्टा, प्लास्टर, ऑपरेशन

सहा महिन्यांच्या आत सापडलं तर उपचार म्हणजे कापडी पट्टा. पावलिक नावाच्या चेक डॉक्टरांनी १९४० च्या दशकात तो वापरायला सुरुवात केली. खांद्यावरून येणारे पट्टे बाळाचे पाय वाकवून आणि फाकवून धरतात, तरी बाळ लाथा मारू शकतं. सैल खुबे असलेल्या दहांतल्या नऊ बाळांचं काम एवढ्यावर होतं. बहुधा दीड ते तीन महिने, सुरुवातीला दिवसाचे जवळजवळ चोवीस तास. पट्टा घरी सैल किंवा घट्ट करायचा नाही. जास्त वाकवला तर मांडीची नस दबते, जास्त फाकवला तर गोळ्याचा रक्तपुरवठा अडतो. बाळाचा पाय अचानक हलेनासा झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. दोन-दोन लंगोट घातले की खुबा बसतो, असं अजूनही सांगतात. त्यानं उपचार होत नाही, फक्त पट्ट्याचे दिवस वाया जातात.

हाडवैद्याकडे नेऊन खुबा 'बसवून' आणू नका, हे मी हात जोडून सांगते. लहान मुलाच्या त्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या नलिका केसासारख्या बारीक असतात. जोर लावून ओढलं की त्या दबतात, गोळ्याचा भाग मरतो, आणि मग जे नुकसान होतं ते कुठल्याच ऑपरेशननं पूर्ण भरून निघत नाही.

सहा महिन्यांपासून साधारण दीड वर्षापर्यंत: मुलाला पूर्ण भूल देऊन, सांध्यात औषध सोडून एक्स-रेवर बघत गोळा हळूच आत बसवतात आणि कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालतात. आत बसत नसेल तर उघडून बसवावा लागतो. त्याहून मोठ्या मुलात बऱ्याचदा कमरेचं हाड कापून छप्पर खाली आणावं लागतं, कधी मांडीचं हाड थोडं आखूड करावं लागतं. वय वाढतं तसं काम वाढतं.

आमची लेक चौदा महिन्यांची होती. न उघडता बसला, एवढं नशीब. मग बारा आठवडे प्लास्टर, सहा आठवड्यांनी भूल देऊन बदललेलं. प्लास्टरमधल्या मुलाबरोबर घरी कसं राहायचं, हे कुठल्याच कागदावर लिहून मिळालं नाही, म्हणून सांगते. लघवी आत झिरपणं हा मुख्य शत्रू. छोटा डायपर प्लास्टरच्या कडेच्या आत सरकवायचा आणि त्यावरून मोठा बाहेरून बांधायचा. रात्री एकदा उठून बदलायचाच. झोपवताना डोक्याकडची बाजू उशांनी थोडी उंच, म्हणजे ओल खाली उतरते, पाठीकडे जात नाही. पायाची बोटं दिवसातून चार-पाच वेळा बघायची: गुलाबी आहेत का, गरम आहेत का, हलवते का. निळी, गार किंवा सुजलेली वाटली तर रात्र काढायची नाही. खाजलं म्हणून विणकामाची सुई आत घालायची नाही, जखम झाली तर ती दिसतही नाही. केस वाळवायच्या यंत्राची गार हवा कडेतून सोडायची. सासूबाईंनी जुन्या साड्यांचे, दोन्ही बाजूंना बांधायचे बंद लावलेले फ्रॉक शिवले, कारण प्लास्टरवरून एकही कपडा चढत नव्हता. डिसेंबर-जानेवारी होता, रोज पेपरात निफाडचा पारा उतरल्याची बातमी. थंडीमुळे निदान घाम तरी आला नाही. पोर पहिले चार दिवस रडली आणि पाचव्या दिवशी पालथी पडून हातांवर सरकायला लागली. मुलं आपल्यापेक्षा लवकर रुळतात.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय काटकुळा, कातडी सुटलेली, खुबा आखडलेला. लंगोट बदलायला गेलं तरी किंचाळायची. दोन महिन्यांनी ती पुन्हा चालली. आम्ही पेढे वाटले.

आणि मग मी दुसरी चूक करता करता राहिले. बरं झालं, आता कशाला खेपा घालायच्या, असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं. पण गोळा वाटीत बसला म्हणजे वाटी खोल झालीच असं नाही. ती पुढे नीट वाढते आहे का, हे वाढ पूर्ण होईपर्यंत अधूनमधून एक्स-रे काढून बघावं लागतं. आम्ही जात राहिलो.

वयात आल्यावर

पुढचा भाग फक्त लहानपणी उपचार झालेल्या मुलांबद्दलचा नाही. ज्यांना बाळपणी काहीच कळलं नाही, जी धावली, खेळली, गड चढली, अशा मुलामुलींतही वाटी थोडी उथळ राहिलेली असू शकते आणि ती बारा-पंधराव्या वर्षी, कधी विशी उलटल्यावर बोलायला लागते. वजन वाढतं, खेळ वाढतो, आणि आधीच अरुंद असलेल्या छपरावर सगळा भार एका कडेवर येतो. वाटीच्या कडेला कूर्चेची एक गोल झालर असते. ती ताण घेऊन घेऊन फाटते. पुढे सांध्याचा गुळगुळीत थर झिजायला लागतो. ऐन तिशी-चाळिशीत खुबा बदलायची वेळ आलेल्या बायकांमध्ये मागे शोधलं तर पुष्कळदा हीच उथळ वाटी सापडते.

दुखतं कुठे? बहुतेक वेळा जांघेत, पुढच्या बाजूला. मुलाला 'बोट लावून दाखव' म्हटलं तर ते बोट लावत नाही, अंगठा आणि बोटं यांची चिमट्यासारखी पकड करून खुब्याच्या बाजूनं धरतं. चालल्यावर, धावल्यावर वाढतं. बराच वेळ बसून उठताना टोचतं. काहींना आत काहीतरी अडकल्यासारखं होतं. आणि कधी कधी दुखणं फक्त गुडघ्यात जाणवतं, कारण खुबा आणि गुडघा यांच्याकडे जाणाऱ्या नसा काही अंशी एकच. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आला आणि मूल तरी लंगडतंय, तर खुबा बघा.

लेक तेरा वर्षांची असताना श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आम्ही सगळे ब्रह्मगिरीच्या फेरीला गेलो. अर्ध्या वाटेत ती बसली. "आई, इथं आत दुखतंय." आत्याबाई म्हणाल्या, वयात येताना पाय दुखतातच. खरं आहे, लहान मुलांचे पाय दुखतात. पण ते दुखणं बहुधा रात्रीचं, दोन्ही पायांत, पोटऱ्या-मांड्यांत असतं, सकाळी मूल उड्या मारत असतं. एकाच बाजूला, जांघेत, चालल्यावर वाढणारं आणि लंगडायला लावणारं दुखणं वाढीचं म्हणून सोडून द्यायचं नसतं.

उभ्यानं काढलेल्या एक्स-रेवर डॉक्टरांनी गोळ्याच्या मध्यातून एक सरळ उभी रेघ मारली आणि दुसरी छपराच्या बाहेरच्या टोकापर्यंत. या दोन रेघांमधला कोन म्हणजे छज्जा किती पुढे आलाय त्याचं माप. विबर्ग या स्वीडिश डॉक्टरांनी ते १९३९ मध्ये सांगितलं. २५ अंशांच्या वर ठीक, २० च्या खाली उथळ, मधलं काठावरचं. हिचा १६ होता.

काठावरच्या आणि न दुखणाऱ्या खुब्याला ऑपरेशन लागत नाही. नितंबाचे आणि पोटाचे स्नायू बळकट करायचे व्यायाम, उड्यांचे खेळ थोडे कमी, पोहणं-सायकल जास्त, वजनावर लक्ष. पुष्कळांचं यावर भागतं. व्यायामानं दुखणं कमी होतं, वाटी मात्र खोल होत नाही. त्यामुळे दुखत राहिलं आणि कोन कमी असला तर वाटीच फिरवावी लागते.

त्या ऑपरेशनला पीएओ (पेरिअ‍ॅसिटॅब्युलर ऑस्टिओटॉमी) म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात गँझ नावाच्या डॉक्टरांनी ते पहिल्यांदा १९८४ मध्ये केलं. कलती झालेली छत्री डोक्यावर सरळ धरावी, तसं आहे ते. वाटीच्या भोवतीनं हाड कापून ती सुटी करतात, गोळ्यावर नीट झाकण येईल अशी फिरवतात आणि स्क्रूंनी बसवतात. मागचा हाडाचा खांब अखंड ठेवतात, म्हणून कंबर डगमगत नाही. सांधा मुलाचा स्वतःचाच राहतो, ही त्यातली मोठी गोष्ट. पण ते वाटीमधली वाढीची कूर्चा मिटल्यावरच करता येतं, मुलींत साधारण तेरा-चौदा वर्षांनंतर, मुलग्यांत थोडं उशिरा. शिवाय सांधा झिजायच्या आधीच. म्हणजे इथेही एक खिडकी आहे, अलीकडे लवकर आणि पलीकडे उशीर.

आम्ही गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला जाऊन करून घेतलं. पहिला आठवडा वाईट होता, ते लपवत नाही. दोन महिने दोन कुबड्या, पाय फक्त टेकवायचा, भार द्यायचा नाही. शाळेनं नववीचा वर्ग तळमजल्यावर आणला, मैत्रिणींनी दप्तर वाहिलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला हातभर कातडी बधिर झाली. या ऑपरेशननंतर ते अनेकांना होतं, तिची थोडी अजून आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, हाड उशिरा जुळणं हे धोकेही आहेत, ते आधी विचारून घ्यावेत, आणि डॉक्टरांनी अशी किती ऑपरेशनं केली आहेत हेही निःसंकोच विचारावं. आज ती दहावीत आहे, सोमेश्वरला चालत जाते, जमिनीवर मांडी घालून जेवते.

नातेवाइकांपैकी एकीनं मला सुचवलं होतं की बाहेर सांगू नकोस, पुढे लग्नाला अडचण येईल. तिला माझ्या मुलीबद्दल मायाच आहे, हे मला माहीत आहे. पण लपवल्यानं मुली दुखणं गिळायला शिकतात. खुबा नीट केलेली मुलगी संसार करते, नोकरी करते, या ऑपरेशननंतर गरोदरपण आणि बाळंतपणही होतं. आधीचं ऑपरेशन बाळंतपणाच्या डॉक्टरांना सांगायचं, एवढंच.

जांघेतलं प्रत्येक दुखणं मात्र हेच नसतं. चार ते आठ वर्षांचा मुलगा आठवडेच्या आठवडे लंगडत असेल तर गोळ्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो. दहा ते पंधरा वयातलं, विशेषतः वजनदार मूल जांघेत किंवा गुडघ्यात दुखतंय म्हणत असेल आणि पाऊल बाहेर वळवून चालत असेल, तर हाडाचं टोक वाढीच्या रेषेवरून घसरत असण्याची शक्यता असते. अशा मुलाला चालवायचंही नाही, त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं. ताप असेल आणि मूल पाय हलवू देत नसेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो. हळूहळू वाढणारं दुखणं, संध्याकाळचा ताप आणि उतरणारं वजन असेल तर सांध्याच्या क्षयाची तपासणी. यातलं काय आहे ते घरी ठरवायचं नसतं.

जावेनं बाळाची सोनोग्राफी सातव्या आठवड्यात केली. माझी लेकही बरोबर गेली, हट्टानं. उजवा खुबा ६२ अंश, डावा ५७. डॉक्टर म्हणाले, पट्टा नको, कच्चा आहे, बाराव्या आठवड्यात पुन्हा बघू. ती तारीख घटस्थापनेच्या आठवड्यात येते. जावेनं ती कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवली आहे, सासूबाईंनी दुपटी कमरेखाली सैल बांधायला सुरुवात केली आहे, आणि माझी लेक शाळेतून आली की आधी चुलत बहिणीचा लंगोट बदलते आणि तिच्या दोन्ही मांड्या सारख्या उघडतात का ते बघते.